नरम स्प्रिंगची बंदूक

देवकाबाई : याच्याहून नरम नाई का, भाऊ?

चंद्रभान : नरम? काकू, बंदूक हाय हे, गादी नोहे. तीन काढून ठेवल्या तुमच्या पुढं. सतरा वर्सं झाले मले या वर्ध्यात दुकान टाकून. सायकली इकतो, छऱ्याच्या बंदुका इकतो. लोकं येतेत अन् इचारतेत, याच्याहून जोरदार हाय का. नरम कोनी मांगतली नाई अजून.

देवकाबाई : मले नरमच पायजे.

चंद्रभान : पन मारनार काय तुमी?

देवकाबाई : वांदरं येतेत. पोपट येतेत. पिपरी मेघ्याले घर हाय आमचं, मांगं बाग हाय. जांब म्हनू नोका, पपई म्हनू नोका, वालाच्या शेंगा म्हनू नोका, एक फय पिकू देत नाईत.

चंद्रभान : मंग हे मधली घ्या. बिलकुल तुमच्या कामाची. वांदराले लागली का असं झोंबते, आठ दिवस फिरकत नाई. लायसन-बियसन काई लागत नाई.

देवकाबाई : अन् मानसाले लागली तं?

चंद्रभान : मानसाले काऊन लागन?

देवकाबाई : समजा लागली.

चंद्रभान : जवळून लागली तं कातडीत घुसते. डोळ्याले लागली तं डोळा गेला समजा. पन चालवनार कोन हाय, ते सांगा ना.

देवकाबाई : घरी मी अन् आमचे हे. तिसरं कोनी नाई. हेच चालवतीन. पोलिसात होते, हवालदार. हत्याराहीची खोली त्याहीच्याच ताब्यात होती, शिपायाहीले नेम बी त्याहीनंच शिकवला. आनीबानी उठली त्या साली रिटायर झाले. चार वर्सं झाले आता.

चंद्रभान : रूपराव हवालदार? मंग काकू, त्या मानसाले मी काय बंदूक दाखवू. त्याहीलेच घेऊन या. हात लावला का सांगतीन.

देवकाबाई : तेच तं. हात लावूनच सांगतीन. डोयानं नाई.

चंद्रभान : म्हंजे?

देवकाबाई : दिसत नाई त्याहीले. काचबिंदू. नागपूरचा डाक्टर म्हन्ला, उशीर झाला, गेलं ते गेलं. ऊन हाय का सावली हाय, एवढं समजते. बस.

चंद्रभान : अन् त्याहीच्या हाती तुमी बंदूक देनार?

देवकाबाई : ऐकून तं घ्या. घरी होती एक, जुनी, त्याहीची. रोज सकायी बागेत डबा टांगत अन् दहा छर्रे मारत. दिसेनासं झालं तरी मारत. मी म्हनत होती, लागला. पोयाच्या सनाले पोरगा आला भिलाईहून, आमचा बापू. त्यानं हे सारं पाह्यलं. दुपारी हे आडवे झाले तवा त्यानं बंदूक चादरीत गुंडायली अन् घेऊन गेला. दार मीच उघडून धरलं.

चंद्रभान : बरोबर केलं त्यानं.

देवकाबाई : बरोबरच केलं. हे उठले, खुंटीवर हात फिरवला, मले इचारलं, कुठं हाय? मी सांगतलं, बापूनं नेली. त्या दिवसापासून बोलनं बंद.

चंद्रभान : तुमच्याशी?

देवकाबाई : कोनाशीच नाई. बापूचं पत्र वाचाले घेतलं का उठून जातेत. च्या ठेवला का पितेत, ताट वाढलं का जेवतेत. आंगोयीले पानी काढलं असं म्हनलं का उठतेत. बाजूचे प्लॉट अजून खालीच हायेत आमच्याकडं, मांगं रामाजीचं वावर. सकायी दूधवाला येते. तो गेला का दुसऱ्या दिवशी तो येईपर्यंत घरात मानसाचा आवाज नाई. सांगू का भाऊ, वांदरं आले का मी त्याहीच्याशीच बोलतो. निदान मान वळवून पाह्यतेत तरी.

चंद्रभान : बसा, काकू. पानी आनतो.

देवकाबाई : पानी नोको. परवा पोपटाचा थवा उतरला जांबावर. हे ओसरीवर बसले होते. तोंड उघडलं तीन महिन्यानं. म्हन्ले, बंदूक असती तं. मी म्हनलं, आनू का? म्हन्ले, आन. आता नाई कशी म्हनू मी? अन् हो म्हनून जोरदार बंदूक कशी देऊ हाती? तुमीच सांगा.

चंद्रभान : थांबा. वरच्या फळीवर एक हाय. हे पाहा. जत्रेत फुगे फोडाचं दुकान लावते एक जन, त्यानं आनून टाकली. स्प्रिंग गेली हिची. छर्रा सुटते, पन हातावर घेतला तं मुंगी चावल्यावानी.

देवकाबाई : वजन कसं हाय?

चंद्रभान : वजन पक्कं. दस्ता अस्सल लाकडाचा.

देवकाबाई : मंग झालं. येत्या सोमवारी मी घेऊन येतो त्याहीले. हेच द्या हाती अन् म्हना, नवी हाय.

चंद्रभान : हवालदारसाहेबाशी मी खोटं बोलू?

देवकाबाई : मी रोज बोलतो, भाऊ. तुमाले एकच दिवस बोलाचं हाय.

* * *

(सोमवार. तेच दुकान. रूपराव देवकाबाईंचा हात न धरता, त्यांच्या पावलांच्या आवाजामागून पायऱ्या चढून आले आहेत आणि बाकावर ताठ बसले आहेत.)

चंद्रभान : एकदम नवी, काकाजी. आताच खोक्यातून काढली.

रूपराव : आन इकडं.

चंद्रभान : कशी वाटते?

रूपराव : नळी मोडू दे, छर्रा भराले मोडतेत तशी. ... हे फुग्याची हाय.

चंद्रभान : नाई जी.

रूपराव : जत्रेतली हाय. नळी मोडतानी जोर लागला पायजे. हे केळीच्या सोपटावानी वाकली. अन् दस्ता पाहा. हजार जनाच्या घामानं गुळगुळीत झाला. नवी म्हन्तो?

चंद्रभान : चुकून हातात आली असन.

रूपराव : चुकून नाई. तुले कोनी सांगून ठेवलं.

देवकाबाई : अवो, जाऊ द्या ना.

रूपराव : तू आल्ती इथी. मांगच्या मंगळवारी. भाजी आनतो म्हनून गेली अन् खाली पिशवी घेऊन आली. भरल्या पिशवीचा आवाज वेगळा असते.

देवकाबाई : आल्ती.

रूपराव : दुसरी दाखव, भाऊ. खरी.

चंद्रभान : हे घ्या. दुकानातली सगळ्यात जोरदार.

रूपराव : जोर नोको सांगू. ... तोंडाकडं जड हाय. दोन छऱ्यात हात भरून येईन. अन् माशी वाकडी हाय.

चंद्रभान : माशी वाकडी?

रूपराव : नळीच्या टोकावरचा दाना. अंगठा लावून पाहा. डावीकडं झुकला. पडली असन कधी.

चंद्रभान : सात महिने झाले माह्याजवळ हाय. मले दिसलं नाई.

रूपराव : तिसरी आन.

चंद्रभान : हे मधली.

रूपराव : ... हां. मधोमध बोटावर ठेवली तं तराजूवानी राह्यते. घोडा पाहा. आंधी ढिला, मंग अडते, मंग सुटते. असाच पायजे. अडते तिथी मानसानं दम रोकाचा. मांगं आंगन हाय ना तुह्या दुकानाले?

चंद्रभान : हाय. पन काकाजी...

रूपराव : पन काय?

चंद्रभान : काई नाई. भिंतीजवळ पत्रा टांगला हाय. वीस पावलं होतीन.

देवकाबाई : घरी पाहू ना. बांधून घेऊ, घरी चालवून पाहू.

रूपराव : चालवल्याबिगर बंदूक घेतली नाई मी कधी. चल पुढं, मी येतो मांगं.

चंद्रभान : सांभाळून. इथी उंबरा हाय.

रूपराव : समजलं. ऊन लय हाय इथी, डोये दिपतेत. तू पत्रा वाजव अन् बाजूले हो. अंदाज येते मंग.

चंद्रभान : हा पाहा, पान्यानं वाजवला. ... झालो बाजूले.

रूपराव : लागला?

चंद्रभान : भिंतीले. थोडा वर.

रूपराव : तू कडेले वाजवतो. मधोमध वाजव.

देवकाबाई : आना तो पाना माह्याजवळ. त्याहीले कसा आवाज लागते, मले माहीत हाय.

चंद्रभान : काकू, तुमी नोका जाऊ.

देवकाबाई : घरी मीच वाजवतो. ... वाजवला जी.

रूपराव : बाजूले झाली?

देवकाबाई : झाली.

चंद्रभान : काकाजी, थांबा. थांबा जरा.

रूपराव : सुटला. ... काय फुटलं?

देवकाबाई : काई नाई.

रूपराव : पत्रा नोहे हा. काच फुटली. काय फुटलं?

देवकाबाई : बांगडी.

रूपराव : कोनाची?

चंद्रभान : बंदूक द्या माह्या हाती, काकाजी. सोडा. काकू, हात पाहू. रगत येऊन राह्यलं.

देवकाबाई : काच रुतली थोडी. छर्रा नाई लागला. पदरानं दाबून धरलं का थांबन.

रूपराव : तू म्हन्ली, बाजूले झाली.

देवकाबाई : झाल्ती ना. दोन पावलं.

रूपराव : कोनता हात?

देवकाबाई : डावा.

रूपराव : दे इकडं. ... पत्रा वाजवतानी मानूस हा हात असा छातीशी धरते. इथी. वीतभर बी दूर नोता छर्रा.

देवकाबाई : तुमी बसा आंधी.

रूपराव : मले दिसत नाई.

देवकाबाई : हाओ.

रूपराव : तुले नाई सांगून राह्यलो. मी तोंडानं म्हनून पाह्यतो. मले दिसत नाई. डाक्टरापुढं बी म्हनलं नोतं मी. त्यानं इचारलं, बोटं किती? मी म्हनलं, तीन. अंदाजानं.

देवकाबाई : माहीत हाय जी. मी होती ना तिथी.

रूपराव : किती होते?

देवकाबाई : त्यानं मूठ धरल्ती.

रूपराव : अन् घरी डब्याले छर्रा लागत होता का?

देवकाबाई : पयले पयले लागत होता.

रूपराव : मंग?

देवकाबाई : मंग नाई.

रूपराव : आवाज तं येत होता डब्याचा.

देवकाबाई : मी खडा मारत होती.

रूपराव : ... भाऊ, बंदूक ठेवून दे वर. आमाले नाई पायजे. चल, बापूची माय. बस भेटन.

देवकाबाई : चंद्रभानभाऊ, ते मधली बांधून द्या.

रूपराव : कोनासाठी?

देवकाबाई : माह्यासाठी. वांदरं मले दिसतेत.

रूपराव : तुले काय समजते बंदुकीतलं?

देवकाबाई : काई नाई समजत. एवढ्या शिपायाहीले शिकवलं तुमी. घरच्या मानसाले शिकाचं हाय का, हे कधी इचारलं नाई.

चंद्रभान : काकू, खरंच बांधू का?

देवकाबाई : बांधा. अन् छऱ्याचा एक डबा द्या.

चंद्रभान : हे देऊ का, टोकदार?

देवकाबाई : मले काय माहीत. कोनते बी द्या.

चंद्रभान : काकाजी, तुमीच सांगा.

रूपराव : ... चपट्या तोंडाचे दे.

* * *

(काही दिवसांनी. पिपरी मेघ्याच्या घरामागची बाग.)

रूपराव : दस्ता खांद्यात दाबला?

देवकाबाई : दाबला. रुतते.

रूपराव : रुतू दे. गाल टेकव लाकडाले. आता शिस्त घे.

देवकाबाई : शिस्त म्हंजे?

रूपराव : नेम. पोलिसात शिस्त म्हन्तेत. डावा डोया बंद कर.

देवकाबाई : एकटा बंद होत नाई. दोन्ही मिटतेत.

रूपराव : पदर बांध त्याच्यावर.

देवकाबाई : कोनी पाह्यलं तं काय म्हनन.

रूपराव : कोन पाह्यते इथी.

देवकाबाई : वांदरं पाहून राह्यले. कुंपनाच्या खांबावर बसले हायेत. एक, दोन, चार. पिलूवाली बी आली.

रूपराव : त्याहीले मारू नोको. डबा वाजला का आपोआप पयतेत.

देवकाबाई : मी कायले मारू त्याहीले. तीन महिने त्याहीच्याशीच तं बोलली मी.

रूपराव : माहीत हाय. ऐकत होतो मी.

देवकाबाई : ओसरीवरून?

रूपराव : वालाच्या शेंगात मीठ जास्त झालं का, असं तू त्या म्हाताऱ्या वांदराले इचारत होती. जास्त झाल्तं. मले वाटे, आता मले इचारन, आता मले इचारन. तू त्यालेच इचारून घरात जात होती.

देवकाबाई : तुमी उत्तर देनार होते का?

रूपराव : माहीत नाई.

देवकाबाई : एवढा राग? बंदूक बापूच्या हाती देल्ली म्हनून?

रूपराव : झोपलो नोतो मी त्या दिवशी.

देवकाबाई : काय म्हन्तां?

रूपराव : जागा होतो. खुंटीवरून काढली, तो आवाज ऐकला. तू दाराची कडी काढली हळूच, तो बी ऐकला. बापू म्हन्ला, बाबाले काय सांगशीन? तू म्हन्ली, पाहू.

देवकाबाई : मंग उठले काऊन नाई?

रूपराव : उठून काय म्हनू? पोरगा बरोबरच करून राह्यलता. रागावाले बी काई उरलं नोतं. अन् एकडाव बोलाले लागलो असतो तं ते न दिसन्याची गोष्ट तोंडातून निघाली असती. म्हनून तोंडच बंद ठेवलं.

देवकाबाई : तुमचं तोंड बंद अन् माहं बी. मी काय गुन्हा केल्ता जी?

रूपराव : काई नाई केला. ... हात भरून आला असन तुहा. बंदूक मांडीवर ठेव जराशी. मनगट कसं हाय?

देवकाबाई : खपली धरली. बांगड्या नव्या भरल्या काल.

रूपराव : ऐकू आल्या. आता उचल पुन्हा. डबा कुठं टांगला?

देवकाबाई : जांबाच्या खालच्या फांदीले.

रूपराव : या वेयले संत्र्याची सावली पडते तिथी. सावलीत नेम चुकते. थोडा उजवीकडं घे डबा.

देवकाबाई : नाई पडत सावली.

रूपराव : पडाले पायजे. उन्हाकडं पाठ हाय माही, मले समजते ना. संत्रा डाव्या हाताले, जांब त्याच्या पुढं. किती वाढला आता संत्रा? माह्या डोक्याएवढा होता.

देवकाबाई : थांबा. बंदूक खाली ठेवतो जराशी.

रूपराव : काऊन, काय झालं?

देवकाबाई : संत्रा वायला जी. उन्हाळ्यात. बापू तुमाले नागपूरले घेऊन गेलता, चार दिवस राह्यले तुमी दोघं तिथी दुसऱ्या तपासनीसाठी, तवा रामाजीनं कापून देला.

रूपराव : वैशाखात?

देवकाबाई : वैशाखात.

रूपराव : मी रोज सकायी त्याच्याकडं तोंड करून बसतो.

देवकाबाई : माहीत हाय.

रूपराव : सांगाचं होतं.

देवकाबाई : कसं सांगू? तुमी म्हनत होते, संत्र्याले औंदा पालवी चांगली दिसते. मी म्हनत होती, हाओ, चांगली दिसते. तुमाले दिसून राह्यलं असं आपल्या दोघाहीचं ठरलं होतं ना.

रूपराव : ठरलं कुठं होतं. चाललं होतं.

देवकाबाई : चाललं होतं.

रूपराव : ... मार आता. दम रोक. घोडा अडला?

देवकाबाई : अडला.

रूपराव : तिथीच थांब. आता हळू.

देवकाबाई : ... सुटला.

रूपराव : डबा नाई वाजला.

देवकाबाई : नाई वाजला. एक पान पडलं फांदीवरचं. वांदरं बी हालले नाईत जागचे.

रूपराव : पान पडलं म्हंजे चार बोटं वर गेला. पयल्या दिवशी एवढा जवळ कोनाचा गेला नाई. दे, नळी मी मोडतो. छर्रा ठेव हातावर.

देवकाबाई : घ्या.

रूपराव : बापूले पत्र टाक. बंदूक ठेव म्हना तुह्यापाशी. आमची दुसरी हाय आता.

देवकाबाई : आनखी काय लिहू?

रूपराव : लिही, बाबा बोलतेत. ... थांब, मारू नोको अजून. संत्र्याच्या जागी काय हाय आता?

देवकाबाई : काई नाई. खड्डा हाय. पानी टाकलं का साचते.

रूपराव : त्याच्या मांगं?

देवकाबाई : तारेचं कुंपन. एक खांब पडला हाय.

रूपराव : त्याच्या मांगं?

देवकाबाई : रामाजीची तूर.

रूपराव : फुलली?

देवकाबाई : पिवयी झाली सारी.

रूपराव : कुठवर?

देवकाबाई : मले दिसते तिथवर.